ओव्हाळ मॅडमची चूक

ओव्हाळ मॅडम भेटल्या की नमस्कार करत नसत, कोपर धरत. डाव्या हातानं समोरच्याचं मनगट पकडायचं आणि उजव्या हाताची दोन बोटं कोपराच्या आतल्या खोबणीत फिरवायची. तोंडानं "काय गं, बरी आहेस ना? सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो?" असं चालू असायचं, आणि बोटं तिकडं नस चाचपत असायची. जाड झालीय का, दाबल्यावर दुखते का. नव्या माणसाला वाटायचं, बाई फार मायाळू आहेत. जुन्यांना माहीत होतं, तपासणी चाललीय. खरं तर दोन्ही बरोबर होतं.

चाकणला आमच्यातल्या एका आशा सेविकेच्या मुलीचं लग्न होतं. मॅडम आहेर द्यायला स्टेजवर चढल्या आणि नवरदेवाच्या कानाच्या पाळ्या, भुवया बघत इतका वेळ उभ्या राहिल्या, की फोटोवाला वैतागला. खाली आल्यावर माझ्याजवळ वाकून म्हणाल्या, "चांगला आहे." शेजारच्या बायकांना वाटलं, जावई पसंत पडला बाईंना.

आमच्या खेड तालुक्यात कुष्ठरोगाचं काम त्या बघायच्या आणि आम्हा आशांना त्या कामाचं ट्रेनिंगही त्याच द्यायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळावर चढवलेला चष्मा आणि खांद्याला कापडी पिशवी. वडील पिंपरीला कंपनीत होते. लग्न झालं तरी मॅडम कासारवाडीतच राहिल्या, रेल्वेलाइनीला लागून असलेल्या घरात. तिथं गाडी आली की बोलणारा थांबायचा आणि गाडी गेल्यावर त्याच शब्दापासून पुढं सुरू करायचा. ही सवय त्या ट्रेनिंगलाही घेऊन यायच्या. राजगुरुनगरच्या हॉलबाहेरून कंटेनर गेला की "चट्ट्याला संवे" एवढ्यावर थांबायच्या आणि आवाज विरला की "दना नसते" म्हणून पुढं जायच्या. आम्ही हसायचो. त्यांना कळायचं नाही, का हसतोय ते.

माझं पहिलं ट्रेनिंग मला अजून लख्ख आठवतं. मी महाळुंग्याची सून, बारावी झालेली, नुकतीच आशा म्हणून लागलेली. फळ्यावर काही लिहिण्याआधी मॅडमनी आम्हा चाळीस बायकांना विचारलं, "कुणाकुणाच्या घरी वेगळा ठेवलेला कप आहे?"

कुणी हात वर केला नाही.

"कान तुटलेला असतो बहुतेक," त्या म्हणाल्या. "मागच्या खिडकीत ठेवतात, नाहीतर गोठ्याच्या वळचणीला. कुणासाठी ठेवलाय ते मला सांगू नका. मला माहीत आहे."

मी मान खाली घातली. आमच्या मागच्या खिडकीत होता तसला कप. मॅडमनी कुणाकडेच रोखून पाहिलं नाही. खडू घेतला आणि शिकवायला लागल्या. चट्टा फिकट असतो, नाहीतर लालसर. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस दाखवत नाही. डोळे मिटायला सांगायचे, पेनाचं टोक टेकवायचं, जिथं टेकलं तिथं बोट ठेव म्हणायचं. बोट ठेवता आलं नाही की समजायचं. सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणाल्या, "हा झाला सोपा भाग. चट्टा गोळीनं जातो. तोंडातनं निघालेला शब्द कुठल्या गोळीनं जाणार? म्हणून आधी दार लावायचं, मग तोंड उघडायचं."

एकदा एक तरुण डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते, उत्साही होते. ते म्हणाले, आपण एक खेळ घेऊ. एका ताईला रुग्ण करायचं, जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही, म्हणजे भेदभाव काय असतो ते सगळ्यांना कळेल. त्यांनी एकीला निवडलंसुद्धा. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"सर, खेळ म्हणून कुणाला वेगळं बसवायचं नाही."

"अहो मॅडम, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. त्याशिवाय यांना अनुभव कसा येणार?"

"ज्यांना आहे त्यांना विचारा," मॅडम म्हणाल्या. "जातीपायी मी शाळेत माठापासून लांब बसायचे. मला विचारा."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते वाईट नव्हते. जेवताना ते मॅडमच्या शेजारी येऊन बसले, तर मॅडमनी त्यांना स्वतःच्या डब्यातली भाकरी वाढली आणि वाढता वाढता त्यांचंही कोपर चाचपलं.

महाळुंगे, निघोजे, कुरुळी, सगळीकडं कंपन्या आणि कंपन्यांच्या मागं भाड्याच्या खोल्या. एकेका खोलीत पाच-पाच पोरं, कुणी बीडचा, कुणी बिहारचा. ठेकेदाराला रोग कळला तर काम जाणार, मालकाला कळला तर खोली. म्हणून मॅडम सरकारी बाई म्हणून कुठं जायच्याच नाहीत. आत्या म्हणून जायच्या. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या वडापावच्या गाडीपाशी उभ्या राहायच्या. पोरगा आला की "किती वाळलास रे!" म्हणून त्याच्या हातात डबा द्यायच्या. डब्यात वर चिवडा, खाली महिन्याच्या गोळ्या. एका गेटवरच्या वॉचमननं त्यांना विचारलं होतं म्हणे, "मावशी, पाच राज्यांत भाऊ कसे काय हो तुमचे?" मॅडम म्हणाल्या, "आमचे वडील फार फिरतीवर असायचे."

आता मंदाचं सांगायला हवं. इतकी वर्षं ते मी चारचौघांत कधी बोलले नाही.

आमच्या घरामागं आमच्याच बारा खोल्या आहेत. जमीन कंपनीत गेली, त्यातून बांधलेल्या. त्यातल्या सातव्या खोलीत मंदा राहायची. नांदेडकडची. नवरा कंपनीत ठेक्यावर, ती पॅकिंगला, पोरगी दुसरीत. घरोघर तपासणीची मोहीम होती. मी तिला डोळे मिटायला सांगितले आणि दंडाच्या मागं रुपयाएवढा फिकट चट्टा होता त्यावर पेन टेकवलं. ती डोळे मिटून वाट बघत राहिली. "लावा की ताई," म्हणाली. माझं दोनदा लावून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना घेऊन आले. खोलीत शिरताच त्या म्हणाल्या, "वैशाली, आधी दार लाव." त्यांनी मंदाची दोन्ही कोपरं पाहिली, दोन्हीकडच्या नसा जाड होत्या, पोरीला तपासलं, पोरगी चांगली होती. मग अर्धा तास समजावून सांगितलं. वर्षभर गोळ्या. लघवी लाल होईल, कातडी जरा काळवंडेल, घाबरायचं नाही. गोळ्या सुरू झाल्या की तुझ्यापासून कुणाला काही होत नाही, पोरीला कुशीत घेऊन झोप. पहिला डोस त्यांनी समोरच घ्यायला लावला आणि गोळ्यांचं पान मंदाच्या हातात ठेवलं.

मंदानं एकच विचारलं, "घरमालकाला?"

दोघीही माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, "मंदा, माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही."

मॅडम निघताना सासूबाईंनी त्यांना चहा दिला, खिडकीतल्या कपात. मला जमीन दुभंगावी असं झालं. मॅडमनी उभ्याउभ्या चहा प्यायला. "साखर बरोबर झालीय, आजी," म्हणाल्या, कप नळाखाली विसळला आणि मागच्या खिडकीत त्याच्या जागेवर नेऊन ठेवला. जागा कोणती, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

संध्याकाळी मी कणीक मळत होते. सासूबाई म्हणाल्या, "त्या बाईनं दार का लावलं व्हतं?"

काहीही सांगता आलं असतं. बाईच्या अंगावरून जाण्याचं, पाळणा लांबवण्याचं, काहीही. पण त्यांना ते लागलं होतं. "आमच्याच खोलीत आमालाच दाराभाईर," म्हणाल्या. आणि मी बोलून गेले. त्यांची समजूत काढावी म्हणून, की मला केवढं कळतं हे दाखवावं म्हणून, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

"आई, कुणाला बोलू नका. मंदाच्या हाताला चट्टा आहे. साधा आहे, गोळीनं जातो."

"कसला चट्टा?"

मी गप्प बसले. माझं गप्प बसणंच त्यांना पुरलं. "आपली पोरं तिच्याच दारात खेळत्यात," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या मुलीला उचलून आत घेऊन गेल्या. त्या दुष्ट नव्हत्या. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी काढलीत. त्या भ्यायल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्यानं मंदाच्या नवऱ्याला गाठलं. "भाऊ, खोली लागती आमाला. पाव्हणं यायच्यात."

"इतक्यात कुठं जाऊ, शेठ? महिना तरी भरू द्या."

"न्हाई जमायचं, राव. आजच बघा."

चार वाजता टेम्पो आला. एक पलंग, गॅसची शेगडी, दोन पोती, पोरीचं दप्तर. मंदा अंगणातून चालली तशी बाकीच्या खोल्यांतल्या बायकांनी दोरीवरची आपापली वाळत घातलेली धुणी पटापट ओढून घेतली. रोगाचं नाव कुणी घेतलं नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं होतं. मंदा माझ्यासमोर थांबली.

"ताई, तुमच्यासमोरच त्या बाई दार लावून बसल्या हुत्या," ती म्हणाली. "आन् भाईर जाऊन सांगितलं वाटतं त्यांनी."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. टेम्पो गेला.

मी मॅडमना सगळं सांगितलं, मंदा शेवटी काय म्हणाली तेसुद्धा. उपकेंद्रात आम्ही दोघीच होतो. मला वाटलं, आता बोलतील, मला बोलणी हवीच होती. त्यांनी विचारलं, "गोळ्या किती होत्या तिच्याकडं?"

"एकच पान. महिन्याचं."

"म्हणजे महिना आहे आपल्याकडं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. तो महिनाभर आम्ही दोघी मंदाला शोधत हिंडलो. चाकण, मोशी, भोसरी, मजूर अड्डे, पॅकिंगच्या कंपन्या, पोरीची शाळा. शाळेतून दाखलाही नेलेला नव्हता. महिना संपला त्या दिवशी मॅडम रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

पुढच्या ट्रेनिंगला मी तिसऱ्या खुर्चीवर होते. दार लावायचं का, ते सांगताना मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडून एकदा चूक झालीय. एका बाईचा रोग मी तिच्या घरमालकाच्या घरात बोलून गेले. चोवीस तासांत तिची खोली गेली. ती बाई कुठं आहे, मला माहीत नाही. तिचे हात आज कसे असतील, तेही माहीत नाही."

सगळ्या गेल्यावर मी त्यांच्यापाशी गेले. "मॅडम, असं का सांगितलंत? चूक तर माझी आहे."

"तुझं नाव घेतलं तर उद्यापासून महाळुंग्यात तुला कोण चट्टा दाखवेल?" त्या खुर्च्या एकात एक घालत होत्या. "मी दोन-चार वर्षांत रिटायर होईन. तुला तिथंच राहायचंय. आणि मंदाचं म्हणणं तरी काय वेगळं आहे? तिच्या लेखी मीच बोललेय."

"पण मॅडम..."

"ती धर खुर्ची."

त्यानंतर प्रत्येक ट्रेनिंगला त्यांनी ती चूक सांगितली. अगदी माझी चूक माझ्याहून नीट सांगायच्या. बोलताना मनात थोडा मोठेपणा कसा असतो, शब्द निघून गेल्यावर तो परत घ्यावासा कसा वाटतो. मी हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. नवीन आलेल्या मुलींना मॅडम आधीपासून माहीत नव्हत्या. जेवताना त्यातली एक म्हणाली, "ह्या काय आपल्याला शिकवणार? स्वतःच तर बाईचं वाटोळं केलंय." मी तिच्या शेजारीच बसले होते. मी भाजी वाढून घेतली.

मॅडम रिटायर झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात चार शब्द बोल म्हणून मला उभं केलं, तर मी त्यांच्या चिवड्याच्या डब्यांबद्दल बोलले आणि खाली बसले.

मंदा त्यानंतर सापडली, आणि सापडली ती एका वाक्यामुळं. निघोजेच्या एका पोराचा गोळ्यांचा कोर्स कधीच पूर्ण झाला होता, तरी तो मॅडमना फोन करायचा. बोलता बोलता तो म्हणाला, "आत्या, आमच्या खानावळीत एक बाई आहे, भारी आहे. गरम कढई नुसत्या हातानं उचलते. तिला भाजतच नाही."

मॅडम त्याच दिवशी कासारवाडीहून निघाल्या.

मला हे पाच-सहा महिन्यांनी कळलं. आरोग्य केंद्रात उपचाराची कार्डं लावताना मंदाचं नाव समोर आलं. मी तिथूनच फोन केला.

"हो, सापडली," मॅडम म्हणाल्या.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू आली असतीस."

मी हट्टच धरला. शेवटी एका गुरुवारी, कंपन्यांना सुट्टी आणि खानावळ रिकामी असताना, त्या मला घेऊन गेल्या. रिक्षात त्यांनी थोडंफार सांगितलं. नवरा सोडून गेलेला. पोरगी गावी आजीकडं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात, रोग थांबेल, पण वाकलेली बोटं औषधानं सरळ होत नाहीत. त्यांना रोज तेल लावून ताण द्यावा लागतो. मॅडम दर गुरुवारी गोळ्या आणि तेलाची बाटली घेऊन जायच्या. मंदा गोळ्या घ्यायची, पण हात धरू द्यायची नाही. एकदा तिनं ती बाटली मॅडमच्या अंगावर फेकली होती.

खानावळीच्या मागं मोरीपाशी मंदा टोपं घासत बसली होती. दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट तळव्याकडं वळलेलं, हातभर भाजल्याचे डाग, काही जुने, काही ओले. मला तिनं लगेच ओळखलं.

"ताई, तुमी?" तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "तुमचं काय बी नाही हो. तुमी चांगल्या हुतात. घात केला तो ह्या बाईनं." मॅडमकडं न बघता तिनं कोपरानं त्यांच्याकडं खूण केली. "आता येती दर आठवड्याला, तेल घेऊन."

मॅडम खाली बघत पिशवीतून गोळ्या काढत होत्या.

"मंदा, त्या नाही बोलल्या," मी म्हणाले. "मी बोलले. माझ्या सासूबाईंपाशी. त्यांनी काहीच केलेलं नाही."

मंदाचा हात टोपात थांबला. ती माझ्याकडं बघत राहिली, मग मॅडमकडं.

"मग ह्या इतके दिवस माज्या शिव्या कशाला खाऊलाल्यात?"

मॅडम म्हणाल्या, "तू गोळ्या घेत होतीस ना."

मंदानं टोप पालथं घातलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी जावा, ताई. परत येऊ नका हिकडं." आवाज चढला नव्हता. पाणी दे म्हणावं तशी म्हणाली.

मॅडम माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आल्या. मला रडू आवरत नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटत होतं, आणि ते त्यांनी ओळखलं असावं.

"सांगायला नको होतंस असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुझं ओझं उतरलं. तिच्या हातात काय पडलं? गावात एक तरी माणूस चांगलं होतं असं ती धरून होती. तेही गेलं."

मी पदरानं तोंड पुसलं.

"रिक्षात बस. मी बघते," म्हणून त्या परत गेल्या.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. पुढच्या महिन्यात कासारवाडीच्या घरी त्यांना झटका आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गेल्या. मंदाकडं आता दुसरी आशा जाते. मी तिला मॅडम गेल्याचं सांगायला लावलं. मंदा काय म्हणाली, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या गुरुवारी मी बसले होते ती रिक्षा रस्त्याच्या पलीकडं उभी होती. मध्ये कंटेनरची रांग. एक गेला की खानावळीची मागची बाजू दिसायची, दुसरा आला की झाकायची. आधी दिसलं, मॅडम मोरीपाशी पालथ्या डब्यावर बसल्यात आणि मंदा पाठ करून घासतेय. मग कंटेनर. मग दिसलं, मंदाचं घासणं थांबलंय, हात मांडीवर आहेत. पुन्हा कंटेनर, मोठा, गाड्या लादलेला, जाता जात नव्हता.

तो गेला तेव्हा मंदानं उजवा हात पदराला पुसला होता आणि पुढं केला होता. मी खरं सांगितलं म्हणून, की ती दमली होती म्हणून, मला ठाऊक नाही. मॅडमनी तळव्यावर तेल घेतलं, तिचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि एकेक बोट सरळ करायला लागल्या. पहिली दोन सहज झाली. तिसरं थोडं आलं. करंगळी येईना. मॅडमनी जोर केला नाही, सोडलीही नाही. करंगळी दोन बोटांत धरून त्या तशाच वाकून बसून राहिल्या, आणि मंदानं आपलं डोकं हळूच त्यांच्या खांद्यावर टेकवलं.